चिलखत, बख्तर, जिरे: कड्यांच्या अंगरख्याला म्हणायचं काय?

प्रश्न मालवणहून आला आहे. विचारणारे स्वतः लोखंडी कड्यांचं चिलखत बनवतायत आणि तेही जुन्या रीतीनं: अर्ध्या कड्या रिबिट मारून बंद केलेल्या, अर्ध्या भट्टीत तापवून ठोकून जोडलेल्या. ते एका प्रदर्शनात मांडायचं आहे आणि शेजारच्या पाटीवर काय लिहावं यावर गाडी अडली आहे. ‘साखळी चिलखत’ चालेल का? चिलखत आणि बख्तर एकच का? रिव्हेट आणि फोर्ज वेल्डिंगला मराठीत काही आहे, की तेच देवनागरीत लिहून मोकळं व्हायचं?

‘साखळी चिलखत’ नको. इंग्रजीतल्या ‘चेनमेल’वरून ते उचललेलं आहे आणि तिथंही ‘चेन’ हे मागाहून चिकटलेलं शेपूट. नुसतं ‘मेल’ म्हटलं की पुरायचं. तो शब्द फ्रेंच ‘माय’ आणि लॅटिन ‘माकुला’ यांच्याकडून आला, अर्थ जाळ्याचा डोळा. साखळी म्हणजे काय ते कोकणातल्या माणसाला पडवीतला झोपाळा बघून कळतं: एका कडीत दुसरी, दुसरीत तिसरी, सरळ खाली. चिलखतात प्रत्येक कडी शेजारच्या चार कड्यांतून गेलेली असते. ती साखळी नव्हे, जाळी. तेव्हा विशेषण लावायचंच तर ‘कड्यांचं चिलखत’ म्हणा, नाहीतर ‘जाळीचं चिलखत’. माझं मत पहिल्याला.

आणि खरं सांगायचं तर विशेषणाशिवायही भागतं. मराठी कानाला ‘चिलखत’ म्हटलं की आधी कड्याच दिसतात. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाची भेट झाली, ती गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. महाराजांनी अंगरख्याच्या आत चिलखत घातलं होतं, हे त्यातलं ठरलेलं वाक्य. अंगरख्याच्या आत मावेल, वर उठून दिसणार नाही आणि मिठी मारताना अंगाबरोबर वळेल असं काय असू शकतं? पत्र्याचं नक्कीच नाही.

गंमत अशी की शब्दाचं मूळ बहुधा लोखंडाचं नाहीच. अकबराच्या दरबारातल्या ‘आईन-इ-अकबरी’त शस्त्रांची आणि अंगत्राणांची यादी आहे, तीत ‘चिहिलकद’ नावाचं एक अंगत्राण येतं. ‘चिहिल’ म्हणजे चाळीस. सूफींचा चाळीस दिवसांचा चिल्ला त्यातलाच. आपलं चिलखत या चिहिलकदाच्या घराण्यातलं, असं मला वाटतं. कापडाच्या अनेक घड्या घालून शिवलेले जाड अंगरखेही त्या काळी वार अडवायला वापरत, आणि चाळीस हा आकडा त्या घड्यांकडे बोट दाखवतो. मराठीनं नाव घेतलं आणि माल बदलला.

मग निव्वळ कड्यांच्या विणीला फारसीत काय म्हणत? ‘जिरह’. हा शब्द मराठीत एकटा फारसा टिकला नाही, पण ‘जिरेटोपा’त ठाण मांडून बसला आहे. जिरेटोप म्हणजे जिरह असलेला टोप. पोलादी टोपाच्या कडेनं कड्यांची झालर मानेवर आणि कानांवर सोडलेली असे, त्यावरून हे नाव. जिऱ्याशी त्याचा काही संबंध नाही. (जिरेसाळ भाताचा आहे, दाणा जिऱ्यासारखा बारीक म्हणून.) शिवजयंतीला बाजारात मिळतो तो मखमलीचा, मोत्यांच्या सराचा जिरेटोप छान दिसतो, पण त्यात जिरेही नाही आणि धड टोपही नाही.

‘बख्तर’ही फारसीच. कड्यांच्या विणीत छातीवर आणि पाठीवर पोलादी पट्ट्या गुंफल्या की ते बख्तर, असा फरक हत्यारांचे जाणकार करतात. मराठी लिहिणाऱ्यांनी तो काटेकोर पाळलेला नाही, चिलखत-बख्तर जोडीनं वापरून टाकलं. तुमच्या अंगरख्यात पट्ट्या नसतील तर ‘बख्तर’ टाळा. ‘बख्तरबंद’ तर टाळाच. ते हिंदी बातम्यांतून आलंय, आपल्याकडे रणगाड्यांच्या दलाला ‘चिलखती दल’ हे नाव चांगलं रुळलेलं आहे. ‘कवच’ संस्कृत आणि सर्वसमावेशक: कर्णाचंही कवच, कासवाचंही कवच. पाटीवर ते फार सैल पडेल.

ओघात ‘पाखर’ सांगतो, कारण ती बहुतेकांना चुकीच्या घरची वाटते. ‘मायेची पाखर’ म्हटलं की लोकांना पक्षिणीचे पंख दिसतात. पाखर म्हणजे घोड्यावर किंवा हत्तीवर घालायचं चिलखत, संस्कृत ‘प्रक्षर’वरून आलेलं. पाखरू निराळं. तेव्हा पुढेमागे घोड्यासाठी काही बनवलंत तर शब्द तयार आहे.

आता कारागिरीच्या शब्दांकडे. तुमच्या प्रश्नातला मला आवडलेला भाग हाच.

एक कडी कशी होते ते बघा. तार जंतरातून ओढून बारीक करतात. जंतर म्हणजे सोनाराकडची भोकांची पट्टी. ती तार सळईवर गुंडाळायची, वेटोळी छिन्नीनं कापायची, की टोकं एकमेकांवर चढलेल्या कड्या मिळतात. मग लाल तापवून राखेत सावकाश निववायच्या, म्हणजे लोखंड मऊ पडतं. (पाण्यात बुडवली तर ते ‘पाणी देणं’ झालं. ते कोयतीच्या पोलादाला, इथं नको.) टोकं ऐरणीवर चेपायची, बारीक सुंब्यानं भोक पाडायचं, कडी चार कड्यांत अडकवायची आणि भोकात एवढासा खिळा घालून त्याचं डोकं पसरवायचं.

यातल्या दोन क्रिया आपण रोज तोंडानं करत असतो. तापवणं म्हणजे तावणं, भोक पाडणं म्हणजे सुलाखणं. ‘सुलाख’ हे फारसी ‘सुराख’, म्हणजे भोक. सोनं किंवा नाणं खरं आहे का ते पाहायला आधी तावायचे, मग भोसकून आतला धातू बघायचे. म्हणून पारखून घेतलेला माणूस तावून-सुलाखून निघालेला. चिलखताची कडी शब्दशः तावून-सुलाखून निघते, फक्त पारखण्यासाठी नव्हे तर बंद करण्यासाठी.

तिसरी क्रिया खिळा पसरवण्याची. कारखान्यात आणि चपलांच्या दुकानात सगळेच ‘रिबिट’ म्हणतात आणि त्यात काही वावगं नाही, शब्द मराठी झालेला आहे. पण क्रियापद हवं असेल तर ‘खिळणे’ घरचंच आहे. नजर खिळते, माणूस अंथरुणाला खिळतो, तसं कडीचं तोंड खिळतं. ‘खिळलेल्या कड्या’ म्हटलं की कोणालाही समजावून सांगावं लागत नाही.

फोर्ज वेल्डिंगचं जरा अवघड आहे. ‘झाळणे’ लिहू नका. झाळताना मध्ये दुसरा धातू वितळवून भरतात, भांड्यांना करतात तसं. ‘वितळजोड’ही फसवा, कारण इथं लोखंड वितळवायचं नसतं. सुमारे १३०० अंश सेल्सियसपर्यंत, पिवळं-पांढरं होऊन ठिणग्या उडू लागेपर्यंत ताव द्यायचा, वाळू किंवा टाकणखार टाकून पृष्ठभागावरची कीट पातळ करायची, आणि घाव घातला की ती उडून जाते, लोखंडाला लोखंड धरतं. आयटीआयच्या यादीत वेल्डरला ‘संधाता’ असतं, फिटरला ‘जोडारी’. जोडारी बरा आहे, संधाता भट्टीजवळ उभा राहील असं काही वाटत नाही. मी ‘सांधणे’ घेईन आणि आधी ताव आणीन: ‘तावून सांधलेली कडी’. नाम हवं तर ‘एकजीव कडी’. सांधा कुठं आहे ते बोटाला लागत नाही, आणि पिठलं ढवळणाऱ्यापासून काँक्रीट कालवणाऱ्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी ‘एकजीव’ आहे.

दोन्ही प्रकार एकत्र का, हेही पाटीवर असावं, नाहीतर बघणाऱ्याला ती हौस वाटेल. एकजीव कड्या सुट्या आधीच बनवून ठेवता येतात. मग प्रत्येक खिळायची कडी अशा चार कड्यांतून घालून बंद केली की एक ओळ एकजीव, एक ओळ खिळलेली, अशी वीण तयार होते आणि खिळण्याचं काम निम्म्यावर येतं. पितळेच्या कड्या मिसळून नक्षी काढलीत, तर हिंदुस्थानी चिलखतांत तीही रीत होती. तिला ‘गंगाजमनी’ म्हणा. सोन्याचांदीच्या मिश्र कामामुळे तो शब्द मराठी वाचकाला ओळखीचा आहे.

एकवचनाचीही शंका होती: एकीला ‘कडी’ म्हणायचं की ‘कडे’? ‘कडी’ स्त्रीलिंगी, अनेकवचन ‘कड्या’. ‘कडे’ नपुंसकलिंगी, अनेकवचन ‘कडी’, पण ते हातात घालायचं. पाटीवर ‘कडी-कड्या’ ठेवा, म्हणजे हातातल्या चांदीच्या कड्याशी घोळ होणार नाही.

तर पाटी अशी: ‘कड्यांचे चिलखत (फारसी: जिरह). लोखंडी तार. एकाआड एक ओळींत तावून सांधलेल्या एकजीव कड्या आणि खिळलेल्या कड्या. प्रत्येक कडी चार कड्यांत गुंतलेली.’ खाली वजन लिहा, लोक पहिलं तेच विचारतात. आणि समुद्र जवळ आहे, तेव्हा तेलाचा हात फिरवल्याशिवाय ते मांडू नका.