मर्लीन ऑटीने देश बदलला ती गद्दारी होती का?

प्रश्न दोन आहेत. जमैकाची मर्लीन ऑटी चाळिशीनंतर स्लोव्हेनियाकडून धावली ही गद्दारी नाही का, आणि धावपटूला देश बदलता येतो तरी कसा?

गद्दारी हा शब्द आधी मागे घ्या. मॉस्को १९८० ते सिडनी २००० अशी सलग सहा ऑलिम्पिक ती जमैकासाठी धावली आणि तिच्या नावावर नऊ पदकं आहेत. १९९६ ला अटलांटा ऑलिम्पिकमध्ये शंभर मीटरला तिची आणि अमेरिकेच्या गेल डिव्हर्सची वेळ सारखीच होती, १०.९४ सेकंद. फोटो बघून सुवर्ण डिव्हर्सला दिलं. त्याआधी १९९३ साली स्टुटगार्टच्या जागतिक स्पर्धेतही दोघी १०.८२, आणि तिथेही हेच झालं.

खरी गोष्ट १९९९ च्या जुलैत सुरू होते. ल्यूसर्नच्या स्पर्धेतल्या तिच्या लघवीच्या नमुन्यात नॅन्ड्रोलोन हे बंदी असलेलं उत्तेजक निघालं. जमैकाच्या संघटनेने तिला निर्दोष ठरवलं, आंतरराष्ट्रीय ॲथलेटिक्स महासंघाला ते पटलं नाही आणि प्रकरण क्रीडा लवादाकडे गेलं. लघवी किती दाट आहे हे धरूनच त्यातल्या द्रव्याचं प्रमाण काढावं लागतं. तो हिशेब पुरा झालेला नव्हता, म्हणून २००० च्या जुलैत तिच्यावरची बंदी उठली. ऑलिम्पिक सप्टेंबरात. सरावाला स्पर्धा नाहीत, वय चाळीस, तरी निवड चाचणीत ती चौथी आली. जागा तीनच होत्या. चाचणी जिंकलेल्या पेटा-गे डाउडीला बाजूला करून शंभर मीटरला ऑटीला उतरवलं. संघातल्या खेळाडूंनी क्रीडाग्रामात निदर्शनं केली आणि राग निघाला तो ऑटीवर. माझ्या मते यात पूर्ण चूक निवड करणाऱ्यांची. चाचणीतले पहिले तीन अंतिम की समितीचा शब्द अंतिम, हे चाचणीच्या आधीच ठरलेलं असायला हवं. एवढं होऊन सिडनीत ती ११.१९ मध्ये धावली, तिसऱ्या आलेल्या तान्या लॉरेन्सपेक्षा फक्त शंभरावा भाग मागे. ती शर्यत जिंकलेल्या अमेरिकेच्या मॅरियन जोन्सचं पदक उत्तेजकांमुळे काढून घेतल्यावर कांस्य ऑटीकडे आलं. रिलेत शेवटचा टप्पा धावून तिने रौप्यही आणलं.

१९९८ पासून ती राहत आणि सराव करत होती स्लोव्हेनियातच. २००२ मध्ये तिथलं नागरिकत्व मिळालं, तेव्हा ती ४२ वर्षांची होती.

आता नियम. पासपोर्ट मिळाला की लगेच धावता येतं, हा नेहमीचा गैरसमज. मुदत मोजतात ती जुन्या देशाकडून शेवटचं धावल्याच्या दिवसापासून, आणि त्यात रिलेची प्राथमिक फेरीसुद्धा धरली जाते. ऑलिम्पिकसाठी ही मुदत तीन वर्षं. सिडनी ते अथेन्स २००४ हे अंतर जवळजवळ चार वर्षांचं, म्हणून तिला अडचण आली नाही. अथेन्समध्ये ४४ व्या वर्षी तिने शंभर मीटरची उपांत्य फेरी गाठली. डायमंड लीगसारख्या बक्षिसाच्या शर्यती देशाचं प्रतिनिधित्व म्हणून मोजत नाहीत. २०१७ मध्ये महासंघाने सगळे बदल थांबवले आणि २०१८ मध्ये नवे नियम आणले: तीन वर्षं थांबायचं, वय किमान २०, बदल एकदाच, आणि खेळाडूचा त्या देशाशी खरा संबंध आहे का हे समिती तपासणार. सूट मिळू शकते. बेलारूसची धावपटू त्सिमानोउस्काया २०२१ च्या ऑलिम्पिकमध्ये आपल्या संघाशी वाद झाल्यावर टोकियोहून पोलंडला गेली, तिला दोनच वर्षांत परवानगी मिळाली.

डाउडीवर मात्र अन्याय झालाच. शंभर मीटरची जागा तिची होती, ऑटीला फक्त रिलेत घेता आलं असतं.