वाचक विचारतात : आकाशवाणीवरील आवडते आणि नावडते

गेल्या अंकात आम्ही वाचकांना आकाशवाणीवरील आपला सर्वांत आवडता आणि सर्वांत नावडता कार्यक्रम कळवण्याची विनंती केली होती. आलेल्या पत्रांत आवडीनिवडींबरोबर प्रश्नही बरेच होते. त्यांतल्या काहींची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : आमची आवडनिवड विचारलीत, पण स्वतःची सांगितली नाहीत. तुमचा सर्वांत आवडता आणि सर्वांत नावडता कार्यक्रम कोणता आणि तो का, हे आधी कळू द्यावे.
— एक निवृत्त शिक्षक, मिरज

उत्तर : आवडत्या कार्यक्रमाचे नाव सांगायला मला जराही विचार करावा लागत नाही. विविध भारतीवरील ‘संगीत सरिता’ हा पंधरा मिनिटांचा कार्यक्रम माझ्या शाळकरी वयात रोज सकाळी साडेसात वाजता आमच्या स्वयंपाकघरात लागत असे. एखादा राग घ्यायचा, त्याचे स्वर सांगायचे, आरोह-अवरोह म्हणजे स्वरांचा चढता-उतरता क्रम ऐकवायचा, मग त्या रागावर आधारलेले एखादे सिनेगीत लावायचे आणि तोच राग गळ्यातून किंवा वाद्यातून पुन्हा ऐकवायचा, अशी त्याची साधी बांधणी होती. ऐकणाऱ्याला काही येत नाही असे त्यात कधी गृहीत धरलेले नसे, आणि सगळे येतेच असेही नसे.

एके सकाळी भीमपलास आणि बागेश्री यांच्यातला फरक सांगणे चालू होते. दोन्ही राग काफी थाटातले, म्हणजे एकाच मूळ स्वरगटातले, दोहोंत गंधार आणि निषाद कोमल, दोहोंत मध्यमाला महत्त्व. मग वेगळेपण कशात, असा प्रश्न आधी मांडला गेला. भीमपलास चढताना धैवत वगळतो आणि पंचमावर विसावतो, तर बागेश्री पंचमाला जपून हात लावते आणि धैवतावरून वर जाते, एवढे सांगून दोन्ही आरोह लागोपाठ गाऊन दाखवले गेले. माझी आई कधी गाणे शिकली नव्हती. तिने हातातले लाटणे थांबवले, दुसरा आरोह पुटपुटत म्हणून पाहिला आणि म्हणाली, “अगं, म्हणजे त्या रात्रीच्या गाण्यात हेच आहे.” तव्यावरची पोळी त्या दिवशी करपली. दुपारचा राग कोणता आणि रात्रीचा कोणता, हे आईने पुढे आयुष्यभर अचूक ओळखले आणि त्याचे श्रेय ती नेहमी रेडिओलाच देत असे.

नावडता म्हणाल, तर तो एक कार्यक्रम नसून एक प्रकार आहे. कागदावरून वाचून दाखवलेले सरकारी योजनेचे भाषण मला मनापासून खटकते. काही वर्षांपूर्वी, काढणीला आलेल्या सोयाबीनमध्ये पाणी साचले असताना, मी गावी काकांच्या ओसरीवर बसून एका केंद्रावरचे पीक विम्याचे भाषण ऐकले. दहा मिनिटांत ‘सदर योजनेअंतर्गत’ हे शब्द कितीतरी वेळा आले आणि ‘अधिसूचित क्षेत्र’ व ‘उंबरठा उत्पादन’ यांचा उल्लेख झाला. गेल्या काही वर्षांच्या सरासरीवरून एक आकडा ठरवलेला असतो आणि महसूल मंडळातले उत्पादन त्याच्या खाली गेले की भरपाई लागू होते, हा ‘उंबरठा उत्पादना’चा साधा अर्थ मात्र कोणी सांगितला नाही. शेतात पाणी साचले तर त्या वेळच्या नियमाप्रमाणे नुकसानीची सूचना ७२ तासांत द्यायची होती. काकांना एवढीच एक गोष्ट कळणे आवश्यक होते आणि नेमकी तीच त्या भाषणात नव्हती. भाषण संपल्यावर काका म्हणाले, “बाई, हे त्यांनी त्यांच्यासाठीच वाचलं.” माझी तक्रार याहून वेगळी नाही.

शेतीचा विषय रुक्ष म्हणून असे होते, असे कोणी म्हणू नये. १९५६ साली पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत एक प्रयोग केला होता. गावातल्या पंधरा-वीस जणांचे एक मंडळ करायचे, त्यांनी आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम एकत्र ऐकायचा, लगेच त्यावर चर्चा करायची आणि पडलेले प्रश्न केंद्राकडे पाठवायचे, असे त्याचे स्वरूप होते. पुढच्या कार्यक्रमांत त्या प्रश्नांना उत्तरे मिळत. असे वीस कार्यक्रम झाले. टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाची तपासणी केली आणि त्यातून पुढे देशभरात ग्रामीण श्रोता मंडळांची योजना उभी राहिली. त्याच पुणे केंद्रावर १९५५-५६ मध्ये ‘गीतरामायण’ दर आठवड्याला प्रसारित होत होते आणि त्याची आठवण घराघरांत आहे, ते योग्यच आहे. पण त्याच सुमारास त्याच केंद्रावरून गावकऱ्यांचे प्रश्न ऐकून घेणारा हा कार्यक्रमही होत होता, याची आठवण फारशी कोणी काढत नाही, याचे मला वाईट वाटते.

प्रश्न : माझे वडील पंच्याऐंशी वर्षांचे आहेत. विविध भारती त्यांना अजिबात आवडत नाही. केसकरांनी रेडिओवरचे सिनेसंगीत बंद केले ते योग्यच होते, असे ते ठामपणे सांगतात. मला मात्र विविध भारतीशिवाय चैन पडत नाही. आमच्यातले बरोबर कोण?
— एक वाचिका, ठाणे

उत्तर : आपल्या वडिलांचे म्हणणे आदराने ऐकावे असे आहे, कारण त्यात एका बाजूचे सत्य आहे. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मूळचे पुण्याचे. १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षे ते माहिती व नभोवाणी मंत्री होते. शास्त्रीय संगीत राजदरबारांतून बाहेर पडले, आता त्याला आश्रय कोण देणार, ही त्यांची चिंता खरी होती. शनिवारी रात्री होणारा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ मध्ये सुरू झाला आणि १९५४ पासून आकाशवाणी संगीत संमेलने होऊ लागली. ज्या गावात गवयाची बैठक कधी झाली नव्हती, तेथेही त्यामुळे मोठ्या कलावंतांचे गाणे पोचले. हे ऋण मान्य केलेच पाहिजे.

सिनेसंगीताच्या बाबतीत मात्र त्यांची चूक झाली, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याला दिलेला वेळ कमी करण्यात आला, चित्रपटाचे नाव सांगणे म्हणजे जाहिरात असे ठरवून ते सांगणे थांबवण्यात आले, आणि त्यावरून झालेल्या वादात निर्मात्यांनी गाणी वाजवण्याची परवानगीच काढून घेतली. श्रोत्यांनी त्यानंतर शास्त्रीय संगीताकडे कान वळवले नाहीत. त्यांनी रेडिओचा काटा सिलोनकडे, म्हणजे आजच्या श्रीलंकेतल्या रेडिओ केंद्राकडे, वळवला, आणि १९५२ च्या अखेरीस तेथे अमीन सयानी यांचा साप्ताहिक गीतक्रम सुरू झाल्यावर तर तो तेथेच राहिला. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली ती त्या दुरावलेल्या श्रोत्यांना परत बोलावण्यासाठी.

आपल्या वडिलांना एकच विनंती करा. ज्या ‘संगीत सरिता’बद्दल मी वर लिहिले, तो कार्यक्रम त्याच विविध भारतीचा आहे आणि त्यात सिनेगीताचे बोट धरूनच श्रोत्याला रागापर्यंत नेले जाते. त्याचे काही भाग त्यांच्याबरोबर बसून ऐका. केसकरांना जे लोकांपर्यंत पोचवायचे होते, ते त्यांनी दूर ठेवलेल्या गाण्यांच्या सोबतीने पोचले, हे त्यांना पटेल अशी मला आशा आहे.

प्रश्न : मोबाइलवर क्षणाक्षणाला बातम्या येत असताना सकाळी सात वाजून पाच मिनिटांचे पुण्याचे बातमीपत्र कोणी का ऐकावे?
— एक संगणक अभियंता, पिंपरी

उत्तर : दहा मिनिटांत संपते म्हणून ऐकावे, हे पहिले कारण. त्यात आवाज चढत नाही, मागे संगीत वाजत नाही आणि एकच बातमी पाच वेळा सांगितली जात नाही. धरणातला पाणीसाठा, परीक्षेचे वेळापत्रक, एखाद्या तालुक्यातली गारपीट अशा, मोठ्या वाहिन्यांना किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींना तेथे जागा असते. शिवाय आपल्या देशात खासगी एफएम केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही. ती आकाशवाणीचीच बातमीपत्रे जशीच्या तशी लावू शकतात. रेडिओवरची बातमी म्हणजे आकाशवाणीचीच बातमी, अशी स्थिती असल्यामुळे तिने सरकारच्या कामकाजाबद्दल अधिक मोकळेपणाने बोलावे, ही माझी अपेक्षा आहे आणि ती अद्याप पुरती पूर्ण झालेली नाही. जून २०२३ मध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून बातमीपत्र छत्रपती संभाजीनगरहून देण्याचा आदेश निघाला, तेव्हा मोठा विरोध झाला आणि तो आदेश स्थगित करावा लागला. हे बातमीपत्र कोणी ऐकत नसते, तर एवढे बोलणेही झाले नसते.

प्रश्न : बंगळुरूमध्ये मुंबईची अस्मिता वाहिनी ऐकता येईल का?
— एक वाचक, बंगळुरू

उत्तर : येईल. मध्यम लहरींवर ५५८ किलोहर्ट्झला ती तेथे नीट लागेल असे समजू नये. मोबाइलवर प्रसार भारतीचे ‘न्यूज ऑन एअर’ हे ॲप घ्यावे. त्यात महाराष्ट्रातील इतर केंद्रेही मिळतील.

प्रश्न : पूर्वी ‘आपली आवड’साठी आम्ही पोस्टकार्डे पाठवत असू. आता फोनवरून फर्माईश घेतात आणि ‘कुठून बोलताय, काय करता, जेवण झालं का’ यातच निम्मा वेळ जातो. मला ते ऐकवत नाही. हा माझ्या वयाचा दोष आहे का?
— एक गृहिणी, कराड

उत्तर : वयाचा दोष मुळीच नाही. पोस्टकार्ड लिहिणाऱ्याला त्या चार ओळींसाठी थोडा विचार करावा लागे, आणि निवेदक जेव्हा एकामागून एक गावांची नावे वाचत असे, तेव्हा नकाशात कधी न पाहिलेली वाडीसुद्धा कानावर पडे. कोडरम्याजवळचे झुमरी तिलैया हे अभ्रकाच्या खाणींचे गाव देशभर माहीत झाले ते अशाच फर्माईशपत्रांमुळे. फोनवरच्या संभाषणात ठरलेले प्रश्न आणि ठरलेली उत्तरे एवढेच उरले, तर तुमच्याप्रमाणे मीही रेडिओ बंद करते.

तरीही सगळा दोष फोनचा आहे असे मला म्हणवत नाही. दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यातल्या एका संध्याकाळी ऐकलेला फोन मी विसरलेले नाही. बोलणारी बाई ऊसतोडीला आली होती. निवेदिकेने गाव विचारल्यावर तिने बीड जिल्ह्यातले आपले गाव सांगितले आणि लगेच पुस्ती जोडली की आत्ता ती तेथे नाही, कोपीवर, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीवर, आहे. निवेदिका क्षणभर थांबली. ‘जेवण झालं का’ असे न विचारता तिने विचारले, “ताई, आज तुमच्या कोयत्याची तोड किती झाली?” कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, हे तिला ठाऊक होते. पलीकडून आधी हसू ऐकू आले आणि मग उत्तर आले, “दोन टनाच्या वर झाली बघा, पण गाडी अजून भरायची हाय.” पुढे तिने सांगितले की गाडी भरेपर्यंत पोर झोपणार नाही, म्हणून त्याच्या आवडीचे गाणे लावा. निवेदिकेने त्या मुलाचे नाव विचारले, ते दोनदा उच्चारले आणि गाणे लावले.