ऑस्ट्रेलियात शिक्षक व्हायचंय? आधी बी.एड. कॉलेजचं पत्र हातात घ्या

गडहिंग्लजच्या ताई, तुम्ही लिहिलंय की बी.एस्सी. गणित, २०१३ चं एक वर्षाचं बी.एड., अनुदानित हायस्कूलमध्ये कायम नोकरी, ऑस्ट्रेलियासाठी कागद जमवताय, आणि बी.एड. कॉलेज म्हणतंय, ‘गुणपत्रकात सगळं आहे, सराव पाठांचं वेगळं पत्र देता येत नाही.’ मी नेमकी इथेच अडकले होते. माझंही बी.एड. एका वर्षाचंच, कोल्हापुरातलंच. आता व्हिक्टोरियातल्या एका लहान गावात सातवी ते दहावीला गणित शिकवते. तुमच्या पोस्टखाली सगळ्यांनी आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचेच सल्ले दिलेत. ते उपयोगाचे आहेत, पण तुमचं घोडं तिथे अडलेलं नाही.

व्हिसाचे प्रकार आणि गुणांचं गणित तुम्हाला ठाऊक असणार, ते सोडते. मी एजंट नाही, वकील नाही. नियम बदलत असतात, तेव्हा अर्ज भरण्याआधी एआयटीएसएल या ऑस्ट्रेलियातल्या संस्थेच्या संकेतस्थळावर एकदा स्वतः वाचून घ्याच.

शिक्षक म्हणून तुमची पात्रता हीच संस्था तपासते. विद्यापीठ स्तरावरचं किमान चार वर्षांचं शिक्षण आणि त्यात किमान एक वर्ष शिक्षक-प्रशिक्षण, ही मुख्य अट. तीन वर्षांची बी.एस्सी. आणि एक वर्षाचं बी.एड. त्यात बसतं. बारावीनंतरचं डी.एड. त्या चार वर्षांत धरत नाहीत, कारण ती पदविका आहे. आपल्याकडे डी.एड. आणि बाहेरून बी.ए. केलेले कितीतरी चांगले प्राथमिक शिक्षक आहेत, त्यांना हे कुणी वेळेवर सांगत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

तर, याच अटींच्या यादीत एक ओळ असते जी सगळे घाईत वाचून पुढे जातात : प्रशिक्षणाचा भाग म्हणून, निरीक्षणाखाली, ज्या वयोगटाचे शिक्षक म्हणून अर्ज करतो त्या वयोगटातल्या मुलांना शिकवल्याचे किमान ४५ दिवस. ‘दिवस’ हा शब्द नीट बघा. आपलं एक वर्षाचं बी.एड. पाठांवर चालायचं. सूक्ष्म अध्यापनाचे पाठ, दोन पद्धती विषयांचे सराव पाठ, मग छात्रसेवाकाल, म्हणजे शाळेत शिक्षकासारखं काम करण्याचे दिवस. गुणपत्रकात त्याचे गुण असतात, दिवस कुठेच नसतात. एका दिवशी दोन पाठ झाले तरी तो एकच दिवस, त्यामुळे पाठांचा आकडा दाखवून काम होत नाही. आणि नंतरची नोकरी कितीही वर्षांची असो, ती या रकान्यात चालत नाही. एनसीटीई या शिक्षक-प्रशिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेच्या २०१४ च्या नियमांनंतर बी.एड. दोन वर्षांचं झालं, आंतरवासिता (शाळेतली इंटर्नशिप) वीस आठवड्यांची झाली, त्या मुलांना दिवसांची चिंता नाही. पण हे दिवस लिहिलेलं कॉलेजचं पत्र त्यांनाही लागतंच.

ज्या कार्यालयाकडून मला हे पत्र हवं होतं त्याचं नाव घेत नाही. खिडकीवरच्या कारकुनांचं पहिलं उत्तर होतं, ‘मॅडम, असलं पत्र आजवर कुणी मागाय आलं न्हाई.’ मग सुट्टी लागली. मग प्राचार्य प्रभारी आहेत, त्यांना सहीचा अधिकार नाही. मग नवे प्राचार्य आले, त्यांनी जुन्या बॅचचं रेकॉर्ड मागवलं, आणि रेकॉर्ड ज्या कपाटात होतं त्याची किल्ली ज्यांच्याकडे होती ते रजेवर. शेवटी एक पत्र मिळालं. त्यात एकच ओळ : ‘सदर विद्यार्थिनीने सराव पाठ समाधानकारकरीत्या पूर्ण केले आहेत.’ दिवस नाहीत, इयत्ता नाहीत, शाळांची नावं नाहीत. तेवढ्यावर अर्ज पुढे सरकला नाही, आणि मधल्या काळात माझ्या आयईएलटीएसच्या निकालाची दोन वर्षांची मुदत संपत आली. पुन्हा परीक्षा, पुन्हा फी, पुन्हा पुण्याची फेरी. हे सगळं एका पत्रापायी.

मला सगळ्यात जास्त राग पुढच्या गोष्टीचा आहे. इतके महिने ‘नियमात बसत नाही’ म्हणणाऱ्या त्याच कार्यालयातून एक दिवस सांगण्यात आलं, ‘किती दिवस लिवायचं ते सांगा, तेवढं लिवून देतो.’ ताई, असं कुणी म्हणालं तरी अजिबात हो म्हणू नका. कागदपत्रांची खातरजमा होऊ शकते, थेट संस्थेकडे विचारणा होऊ शकते, आणि खोटा कागद एकदा उघडकीला आला की व्हिसाच्या टप्प्यावरही तो तुमचा पिच्छा सोडत नाही. शिवाय आपले दिवस खरेच भरलेले असतात. फक्त ते कुणी मोजलेले नसतात.

ते मोजायचं साधन तुमच्या घरातच असेल. माळ्यावर पाठ टाचणाच्या, म्हणजे पाठांची आखणी लिहिलेल्या वह्या आहेत का बघा. माझ्या आईने त्या रद्दीत घातल्या नव्हत्या, तिचे उपकार. प्रत्येक पाठाच्या वर तारीख, शाळा, इयत्ता, तासिका, घटक. खाली निरीक्षकाची सही. एका पानावर ‘इयत्ता ८ वी, समांतर रेषा व छेदिका’ आणि खाली लाल शाईत शेरा : ‘फलकलेखन ठळक हवे. कोन मुलांकडून मोजून घ्या.’ पुरावा म्हणतात तो हाच. मी तारखांवरून एक तक्ता केला : तारीख, शाळा, इयत्ता, विषय, पाठ घेतला की दुसऱ्याच्या पाठाचं निरीक्षण केलं, देखरेख कोणाची. छात्रसेवाकालाचं वेळापत्रक आमच्या गणित पद्धतीच्या निवृत्त प्राध्यापकांनी जपून ठेवलं होतं. त्यांनी ते शोधून काढलं आणि माझ्यासोबत येऊन प्राचार्यांच्या टेबलावर ठेवलं. त्यानंतर मात्र पत्र निघालं.

तेव्हा माझं स्पष्ट मत : ‘पत्र द्या’ असा अर्ज करूच नका. पत्राचा मसुदा, तक्ता आणि वह्यांच्या झेरॉक्स एकत्र लावून द्या, आणि स्थळप्रतीवर आवक क्रमांक घ्या. मसुद्यात तुमचं नाव पासपोर्टवर आहे तसंच, बी.एड.चं वर्ष, निरीक्षणाखाली शाळेत शिकवल्याचे एकूण दिवस आणि त्यांचा कालावधी, मुलांच्या इयत्ता व वय, विषय, शाळांची नावं, हे सगळं असू दे. लेटरहेड, जावक क्रमांक, तारीख, सही करणाऱ्याचं पूर्ण नाव आणि पद, शिक्का, कॉलेजचा चालू असलेला फोन आणि ईमेल. पत्र इंग्रजीतच मागा, म्हणजे अनुवादाचा खर्च वाचतो. कारकुनांनाही दोष देऊन चालत नाही, त्यांना अशा पत्राचा नमुनाच माहीत नसतो. मसुदा समोर असला की काम हलतं. आणि पदवीच्या गुणपत्रकांचं ट्रान्स्क्रिप्ट विद्यापीठाकडून मिळतं, त्यासाठी कॉलेजच्या खिडकीवर वेळ घालवू नका.

वह्या नसतील तर ज्या शाळांत पाठ घेतले तिथे जा. प्रशिक्षणार्थींचं वेळापत्रक किंवा हजेरी कधीकधी शाळेत सापडते. सोबतच्या मैत्रिणींनाही विचारा, एकीची वही दुसरीच्या तारखा जुळवायला उपयोगी पडते.

आता थोडं इकडचं तिकडचं. लग्नाआधीच्या नावावर बी.एस्सी. आणि नंतरच्या नावावर बी.एड. असेल तर राजपत्र, विवाह नोंदणी दाखला आणि पासपोर्ट यांतलं नाव अक्षर न अक्षर जुळवून घ्या. आपल्याकडे आडनाव आधी लिहितात, वडिलांचं की नवऱ्याचं नाव मध्ये येतं यावरूनही प्रश्न येतात. आयईएलटीएस ॲकॅडेमिकमध्ये वाचन-लेखनाला ७ आणि बोलणं-ऐकण्याला ८ लागतात. ‘आमचं शिक्षण इंग्रजी माध्यमातून झालं’ या पत्राने भारतात शिकलेल्यांना सूट मिळत नाही. बोलण्याच्या तयारीला क्लासमधली पाठ केलेली उत्तरं सोडा, रोज एक प्रमेय घरातल्या कुणाला तरी इंग्रजीत समजावून सांगा. मला त्याचाच फायदा झाला. आणि हो, परीक्षा द्यायची ती कॉलेजचं पत्र हातात पडल्यावरच.

नोकरीचा राजीनामा एवढ्यात देऊ नका, हे हात जोडून सांगते. अनुदानित शाळेत कायम शिक्षकाला तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, तेवढा वेळ शेवटी हाताशी असतोच. तोवर मुख्याध्यापकांकडून अनुभवाचं पत्र, नेमणूक आदेश, मान्यता पत्र आणि शालार्थ या सरकारी वेतनप्रणालीतल्या पगारपत्रिका गोळा करा. एआयटीएसएलचा निकाल म्हणजे नोकरीचा परवाना नव्हे. ज्या राज्यात शिकवायचं तिथली शिक्षक नोंदणी वेगळी करावी लागते, व्हिक्टोरियात ती व्हीआयटी या संस्थेकडे असते.

तुमच्या पोस्टखाली एका दादांनी ‘इंग्लंड सोपं आहे’ म्हटलंय. गणितवाल्यांसाठी त्यात तथ्य आहे. फेब्रुवारी २०२३ पासून भारतातल्या प्रशिक्षित शिक्षकांना तिथल्या क्यूटीएससाठी, म्हणजे पात्र शिक्षकाच्या दर्जासाठी, थेट अर्ज करता येतो, त्याला फी नाही. पण ११ ते १६ वयोगटाला गणित, विज्ञान किंवा ठरावीक परदेशी भाषा शिकवणाऱ्यांसाठीच, आणि पात्र झाल्यावर एक शाळावर्ष शिकवलेलं हवं. इतिहास, मराठी, हिंदीच्या शिक्षकांना भारतातून तो रस्ता नाही. क्यूटीएस मिळालं म्हणजे व्हिसा मिळाला असंही नाही, प्रायोजक शाळा स्वतः शोधावी लागते. हे न सांगता पैसे घेणारे सल्लागार मी पाहिलेत. मी ज्या सल्लागाराकडे गेले होते त्यांनी फी घेतली, आयईएलटीएसचा क्लास सुचवला, आणि ४५ दिवसांबद्दल चकार शब्द काढला नाही. ऑस्ट्रेलियाच्या व्हिसाचा सल्ला घ्यायचाच असेल तर तिथल्या नोंदणीकृत एजंटांच्या सरकारी यादीत नाव तपासा आणि मगच पैशाचं बोला.

तुमच्या बी.एड. कॉलेजचे प्राचार्य बदलायच्या आत हे उरका, ताई. मसुदा तयार झाला की नाव आणि बैठक क्रमांक झाकून इथेच टाका. टर्म संपत आलीय, पेपर तपासणी चालू आहे, त्यामुळे मी शनिवारी-रविवारीच नीट वाचून सांगू शकेन.