तुकडा डोळ्यांनी निवडायचा नाही

तुझं पत्र दोनदा वाचलं. प्रीक्लॅम्प्सियातल्या, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब वाढण्याच्या आजारातल्या, वारेचे आठ नमुने, निरोगी आठ, आणि अंकुरांच्या, म्हणजे वारेतल्या बारीक बोटांसारख्या फांद्यांच्या, क्षेत्रफळात फरक दिसेना. वर तुझा प्रश्न: पांढुरका, घट्ट भाग दिसतोच आहे, तर तिथूनच तुकडे घेऊ का?

नाही. तुकडा डोळ्यांनी निवडायचा नाही.

हे मी तीन वर्षं केलंय. आजारी वारेतून इन्फार्क्टच्या, म्हणजे रक्त न पोचून मेलेल्या भागाच्या, कडेचा तुकडा, निरोगी वारेतून मऊ, लालभडक. फरक इतका देखणा यायचा की शंका घ्यायची इच्छाच होईना. पुढे कळलं, मी माझीच नजर मोजत होते.

पूर्ण दिवसांची वार साधारण 500 ग्रॅमची, पण तिच्यातल्या अंकुरांचा पृष्ठभाग दहा चौरस मीटरच्या पुढे जातो. तुझ्या काचपट्टीवर त्यातलं चिमूटभरही येत नाही. म्हणून जागा जाळीने ठरव. पहिला बिंदू चिठ्ठी टाकून, पुढचे ठरावीक अंतरावर, आणि तुकडा आईच्या बाजूपासून बाळाच्या बाजूपर्यंत पूर्ण जाडीचा. बिंदू इन्फार्क्टवर पडला तर इन्फार्क्ट घे, निरोगी वारेतसुद्धा. तिथेही लहानसे इन्फार्क्ट असतात. तेवढ्यावरून तू एक नमुना बाद केलास, तो परत आण. निरोगी कोण, हे गरोदरपणाच्या नोंदीवरून आधीच ठरलं पाहिजे, वार बघून नव्हे.

पॅथॉलॉजिस्ट डाग शोधून तिथला तुकडा घेतात, हे मला सांगू नकोस. त्यांना निदान करायचं असतं. तुला सरासरी काढायची आहे.

डॉपलरचं, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह मोजण्याचंही तेच. नाळेतल्या धमनीत रक्तप्रवाहाला होणारा रोध बाळाच्या टोकाशी जास्त, वारेच्या टोकाशी कमी. लहर छान दिसली तिथे थांबायचं म्हटलं, तर तीही नजरेचीच निवड. वारेच्या वजनाचं थोडक्यात: नाळ आणि पडदे कापून, गुठळ्या काढून, दर वेळी फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे ऊती टिकवणाऱ्या द्रवात, टाकण्याआधीच.

आणि हो, तुझे आजारी नमुने 32 आठवड्यांचे, निरोगी 39 चे! अंकुर शेवटपर्यंत वाढतात, बारीक होत जातात. फरक मिळाला असता तरी तो आजाराचा की सात आठवड्यांचा, काय सांगितलं असतंस?

रागावले, माफ कर. माझ्या त्या तीन वर्षांच्या काचपट्ट्या मी बाद केल्या तेव्हा मार्गदर्शक महिनाभर बोलले नाहीत. निबंध गेला, सोबतचे पुढे गेले, माझ्या नावामागे 'हट्टी' लागलं ते लागलंच. पण बरोबरच केलं मी. त्या आकड्यांवर दुसऱ्या कुणी आपलं काम उभं केलं असतं तर? काचपट्ट्या मात्र टाकवल्या नाहीत. कपाटाच्या खालच्या खणात आहेत अजून.

तुझ्या वारेचे उरलेले भाग फॉर्मॅलिनमध्ये आहेत ना? पारदर्शक कागदावर जाळी आख, वर ठेव, बिंदू टाक. सुरी लावण्याआधी फोटो पाठव.