देवराईतली ‘राई’ आणि एक ‘चं’

प्रश्न असा आला आहे : ‘देवराई’मधली राई म्हणजे मोहरीच का? आणि आमच्या सोसायटीमागच्या मोकळ्या जागेत आम्ही शंभरेक देशी झाडं लावली आहेत, त्यांना देवराई म्हटलं तर चालेल का?

आधी मोहरी उरकून टाकू. फोडणीतली राई संस्कृत ‘राजिका’वरून आली, देवराईतली ‘राजि’वरून. राजि म्हणजे रांग, ओळ. ‘वनराजी’त ती अजून जशीच्या तशी दिसते. दोन स्वरांच्या मधला ‘ज’ प्राकृतात गळून जायचा. बीजाचं ‘बी’ झालं, राजाचा ‘राया’ झाला, तशी राजीची राई झाली. आमराईतली राई हीच. गंमत म्हणजे ‘राजिका’चाही एक अर्थ रेघ, ओळ असा आहे. तेव्हा मोहरीशी लांबचं चुलत नातं निघतं, पण पत्रिका द्यावी इतकं जवळचं नाही.

आमराईत झाडं ओळीनं सापडतील एखाद वेळेस. देवराईत ओळ शोधूनही मिळत नाही. तिथे राईचा अर्थ नुसता दाट झाडीचा झुबका. हिरडा, बेहडा, आंबा, मधूनच मांडीएवढ्या जाडीची गारंबीची वेल, आणि आत कुठेतरी शेंदूर लावलेला एखादा तांदळा, म्हणजे न घडवलेला देवाचा दगड.

आता ज्यांच्या गावात ती असते त्यांच्या तोंडी ‘देवराई’ हा शब्द येतोच असं नाही. मावळातल्या एका राईत शिरताना उताराला टेकायला म्हणून मी खाली पडलेली वाळकी काठी उचलली. मागून येणाऱ्या म्हातारीनं हटकलं, “ठिवा ती. भैरोबाचं रान हाय.” मी म्हटलं, आजी, वाळलेलीच आहे. “वाळली म्हून काय तुमची झाली व्हय? बाधंल.” काठी ठेवली आणि गुडघे सांभाळत उतरलो.

माझ्या मते सगळा मामला त्या ‘चं’मध्ये आहे. भैरोबाचं रान, काळूबाईचं रान, वाघजाईचं रान. ही अलंकारिक षष्ठी नव्हे, सातबाऱ्यावरच्या नावासारखी रोकडी मालकीची षष्ठी आहे. देव रानात ‘राहतो’ असं नाही, रान देवाचं ‘आहे’. तिथलं झाड आपलं नाही, शेजाऱ्याचं नाही, पाटलाचंही नाही. देवळाच्या दुरुस्तीला लाकूड लागलंच तर मालकाला विचारायचं, म्हणजे कौल लावायचा. उजवा कौल मिळाला तर कुऱ्हाड, नाहीतर नाही. गोव्यात सत्तरी तालुक्यात केरी गावी ‘आजोबाची राय’ आहे. तिथे मालक देवही राहिला नाही, थेट घरातला वडीलधारा झाला.

आणि ‘बाधणं’ हे क्रियापद पाहा. शिळं अन्न बाधतं, नजर बाधते, देवाचं लाकूडही बाधतं. शहरी माणूस इथे ‘पाप लागतं’ म्हणेल. पाप मेल्यावर हिशेबाला येतं. बाधतं ते आज रात्री, अंगाला. रानाशी माणसाचं नातं आदराचं असतं असं आपण लिहितो, पण या क्रियापदात आदरापेक्षा धाक जास्त आहे, आणि राई टिकली ती बरीचशी या धाकावर, असं मला तरी वाटतं. वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास मांडला, तोवर हे सगळं ‘अंधश्रद्धा’ या एका शब्दात गुंडाळणारे पुष्कळ होते.

तळकोकणात हिलाच देवरहाटी म्हणतात. ‘राहाटी’ म्हणजे वागण्याची रीत. देवस्कीचे, म्हणजे गावच्या देवकार्याचे, मानपान कुणाचे, कसे, हे ठरवणारी ती ‘गावरहाटी’. देवरहाटीचं नातं त्याच राहाटीशी असावं असा माझा अंदाज. तसं असेल तर झाडांच्या झुबक्याला तिथे नाव पडलं ते झाडांवरून नव्हे, वागणुकीवरून. राजस्थानात अशा रानाला ओरण म्हणतात, कर्नाटकातल्या कोडगूत देवरकाडू. (‘जंगल’ मात्र यात बसत नाही. संस्कृतात ‘जांगल’ म्हणजे कोरडा, विरळ झाडांचा मुलूख. शब्दाचं नशीब!)

राहिली तुमची सोसायटी. शंभर देशी झाडं लावलीत, छान केलंत. पण लावली तुम्ही, पाणी तुमचं, फांद्या तारांना लागल्या की छाटणार तुमचाच माळी. त्यांना वनराई म्हणा, नेमका शब्द आहे. देवराई म्हणायचंच असेल तर एक खूण सांगतो : पडलेली काठी उचलताना कुणी हटकतं का, ते बघा.

आणि अनेकवचन ‘देवराया’. ‘देवराईज’ कृपा करून नको.