हीट्रानसमोर थांबतोस कशाला?

या खेपेला पत्रांच्या गठ्ठ्यात फेरोथॉर्नच फेरोथॉर्न आहे, पोकेमॉनच्या लढतींतला तो काटेरी, संथ बचाववाला. त्याची पत्रं आधी घेते.

ताई, मी विजापूर रोडला राहतो, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मोबाइलवर पोकेमॉन शोडाउन या लढतींच्या साइटवर आठव्या पिढीचं ओयू (सगळ्यात जास्त वापरल्या जाणाऱ्या पोकेमॉनचा फॉरमॅट) खेळतो. माझा फेरोथॉर्न असा आहे : नेचर (म्हणजे स्वभाव, एक आकडा वाढवतो, दुसरा घटवतो) अ‍ॅडमंट, अटॅकला 252 ईव्ही (आपण वाटायचे गुण), स्पीडला 252, हातात लेफ्टओव्हर्स (दर टर्नला थोडा एचपी, म्हणजे जीव, भरणारी वस्तू). मूव्हज पॉवर व्हिप, जायरो बॉल, बॉडी प्रेस आणि लीच सीड. पण समोरून आग आणि स्टीलचा हीट्रान आला की दोन टर्नमध्ये खेळ खलास. मित्र म्हणतो, 'काय बे, ते काटेरी गोळं काढून टाक की.' काढू का?

गोळं राहू दे, ते स्पीडचे 252 काढ. आजच काढ.

फेरोथॉर्नचा मूळ स्पीड 20. त्यावर 252 ओतून लेव्हल 100 ला तुझ्या हाती 139 आला. एवढ्यानं मागे कोण पडलं? स्पीडला काहीच न घातलेला टॉक्सापेक्स, 106 वाला. ज्याच्या नावानं तू रडतोयस तो हीट्रान काही न घालताच 190 ला असतो. म्हणजे 510 पैकी जवळजवळ निम्मे गुण पाण्यात. वर जायरो बॉलचंही वाटोळं केलंस, कारण ती मूव्ह संथ माणसाची आहे. समोरच्याचा स्पीड गुणिले 25, भागिले आपला स्पीड, ही झाली तिची ताकद. कमाल मर्यादा 150. स्पीड वाढवणाऱ्या जॉली नेचरचा, स्पीडला पूर्ण ईव्ही दिलेला गारचॉम्प 333 ने धावतो. तुझ्या 139 वर जायरो बॉल त्याला साठच्या ताकदीनं लागतो. डिफेन्स वाढवून स्पीड घटवणारं रिलॅक्स्ड नेचर घे, स्पीडचा आयव्ही (जन्मजात गुण) शून्य कर, स्पीड येतो 40 वर आणि तोच जायरो बॉल थेट 150 ला टेकतो.

आता बॉडी प्रेस. ती अटॅकवर चालत नाही, स्वतःच्या डिफेन्सवर चालते. तू अटॅकला भरलेले 252 तिला दिसतसुद्धा नाहीत. डिफेन्सला काही न घालता तुझा आकडा 298 आहे. रिलॅक्स्ड नेचर आणि 252 ईव्ही दिलेस तर 397 होतो. मग हीट्रान आत येणार हे ओळखून बॉडी प्रेस टाकलीस, तर एचपी आणि डिफेन्सला ईव्ही न घातलेल्या हीट्रानचा निम्म्याहून जास्त एचपी एका फटक्यात जातो. फायटिंग मूव्ह त्याला दुप्पट लागते. समोरचा कपाळाला हात लावतो, तो क्षण मला फार आवडतो.

पण हे ओळखून मारायचं झालं. तो आधीच समोर उभा असेल तर बाबा, निघ. फेरोथॉर्न ग्रास आणि स्टील आहे, दोघांनाही आग चालत नाही, म्हणून फायर मूव्ह चौपट लागते. नेचर बदलून किंवा लेफ्टओव्हर्स धरून तिथं उपयोग नाही. 'एक फटका खाऊन बघू' हा विचारही नको, कारण त्याची मॅग्मा स्टॉर्म ही आगीची मूव्ह बसली की अडकलास, मग बाहेर पडताच येत नाही. आत कोणाला आणायचं? स्लोब्रो. आग आणि फायटिंग दोन्ही त्याला अर्धीच लागते, आणि रिजनरेटर या अंगच्या गुणामुळे बाहेर जाताना त्याचा एक तृतीयांश एचपी भरून येतो. स्लोब्रोला गवत आणि वीज सोसत नाही. तिथं फेरोथॉर्न परत आत. टॉक्सापेक्सबरोबरही अशीच जोडी जमते, पण माझी पसंती स्लोब्रोला.

तुझ्या टीममधली खरी उणीव म्हणजे स्पाइक्स (समोरच्याच्या बाजूला जमिनीवर पसरायचे खिळे) नाहीत. दिवसभर टॉवेलच्या कारखान्यात येणी-देणी लिहिणारी बाई आहे मी, त्यामुळे मला फेरोथॉर्न वसुलीवाला दिसतो. लीच सीड लागलं की प्रत्येक टर्नला समोरच्याचा एक अष्टमांश एचपी तुझ्या खात्यात येतो. हे थांबवायला तो स्विच करतो, बी तिथंच गळून पडतं. नवखे खेळाडू इथं हळहळतात. अरे, त्यानं स्विच करावं हेच तर आपल्याला हवं होतं! खाली स्पाइक्सचा एक थर असेल तर आत येणाऱ्याचा एक अष्टमांश जातो, दोन थरांना एक षष्ठांश, तीन थरांना पाव. हीट्रान जमिनीवर चालणारा आहे, त्यालाही भरावे लागतात. तो फेरोथॉर्नला हाकलायला येतो, तू स्लोब्रोला आणतोस, त्याला पुन्हा जावं लागतं, पुढच्या वेळी पुन्हा पाव. हातात त्याला अधांतरी ठेवणारा एअर बलून असेल तर मात्र तो फुटेपर्यंत सुटला.

म्हणून माझा संच : स्पाइक्स, लीच सीड, बॉडी प्रेस, चौथी पॉवर व्हिप किंवा समोरच्याच्या हातातली वस्तू पाडणारी नॉक ऑफ. आठव्या पिढीत हेवी-ड्यूटी बूट्स आले, ते घालणाऱ्याला स्पाइक्स लागत नाहीत, म्हणून माझं मत नॉक ऑफला. एचपीला 252 दे, तो 352 होतो, उरलेले डिफेन्सला. जायरो बॉलचा मोह सोड.

ताई, अशोक चौकातून लिहितेय. समोरचा ब्लिसी आणतो आणि सिस्मिक टॉस मारत बसतो. माझा फेरोथॉर्न हळूहळू मरतो. पळायचं की थांबायचं?

थांबायचं, पण आधी लीच सीड टाकून. कागद घे. पूर्ण ईव्हीच्या ब्लिसीचा एचपी 714. त्याचा एक अष्टमांश 89, तो दर टर्नला तुला मिळणार. लेफ्टओव्हर्सचे 22. झाले 111. सिस्मिक टॉस लेव्हल 100 ला बरोबर 100 घेतो, ना कमी ना जास्त. म्हणजे मार खाऊन तू टर्नमागे अकराने वर! शिवाय सिस्मिक टॉसला अंगाला हात लावावा लागतो आणि फेरोथॉर्नच्या आयर्न बार्ब्स (अंगावरचे काटे) हात लावणाऱ्याचा एक अष्टमांश एचपी काढून घेतात. ती मारते तेव्हा तिचे 89 काट्यांत गेले, 89 बियांत गेले. सॉफ्ट-बॉइल्डनं 357 परत मिळवेल, पण त्या टर्नला ती मारत नसते. तू निवांत स्पाइक्सचा थर टाक. टॉक्सिकची भीती नको, स्टीलला विष चढत नाही. एकच बघ, तिच्याकडे फ्लेमथ्रोअर आहे का. असेल तर हा सगळा हिशेब रद्द.

रॅपिड स्पिन आणि यू-टर्न मारणाऱ्यांनाही हेच काटे टोचतात, हे विसरू नकोस. आणि हॅटरीन समोर असेल तर स्पाइक्स टाकू नकोस, मॅजिक बाउन्सनं ते तुझ्याच बाजूला येऊन पडतील. लीच सीड परतवलं तरी तुला लागत नाही, ग्रासला ते लागतच नसतं. पण तिची मिस्टिकल फायर ही आगीची मूव्ह लागते.

ताई, माझे चार यंत्रमाग आहेत, पूर्व भागात. मुलगा बारावीला. रात्री मोबाइलवर अपूर्णांक पुटपुटत असतो. यात पैसे लावतात का?

नाही भाऊ. शोडाउन फुकट आहे, त्यात पोकेमॉन विकत घ्यावे लागत नाहीत आणि पैज लावायची सोयही नाही. अपूर्णांक पुटपुटतोय ते वर लिहिलेलेच असणार. झोपेची वेळ मात्र ठरवून द्या, कारण दोन बचाववाले समोरासमोर आले की एकेक लढत शंभर टर्नच्या पुढे जाते आणि मध्येच सोडली की हार.

गड्डा यात्रेच्या सुट्टीत आम्ही मित्र डबल्स खेळणार आहोत. सहातले चार निवडायचे आहेत. फेरोथॉर्न चालेल का? – जुळे सोलापूर

चालेल, पण वेगळ्या कामाला. डबल्समध्ये स्विच कमी होतात, लढत लवकर आटपते, स्पाइक्स वसूल होईपर्यंत निकाल लागलेला असतो. जायरो बॉल इथं मात्र घे. सोबत ट्रिक रूम टाकणारा दे, पोरिगॉन-टू किंवा डस्क्लॉप्स. ट्रिक रूममध्ये संथ पोकेमॉन आधी खेळतो आणि तुझा तर स्पीड नावालाच. ती पाच टर्न असते, पण टाकलेली टर्न धरून. हातात चारच येतात, त्यात प्रोटेक्ट (त्या टर्नपुरता नुसता बचाव) मारत बसू नकोस.

नाहीतर पेलिपर. सोलापुरात पावसानं कितीही हुलकावणी दिली तरी पेलिपर आत आला की ड्रिझलनं पाऊस पडतोच, पाच टर्न, डॅम्प रॉक असेल तर आठ. पावसात आगीची ताकद निम्मी होते, म्हणजे फेरोथॉर्नला चौपटीऐवजी दुपटीवर भागतं. तरी हीट्रानसमोर मिजास करू नकोस.

ताई, स्कार्लेट-व्हायोलेटमध्ये फेरोथॉर्न सापडत नाही. कुठं आहे? – अक्कलकोट रोड

2022 च्या त्या खेळात तो नाहीच, शोधू नकोस. सगळी कामं एकटा करणारा बदलीही नाही. स्पाइक्सला टिंग-लू घे, हात लावणाऱ्याला टोचायला कॉर्विनाइटच्या हातात रॉकी हेल्मेट दे, तो एक षष्ठांश घेतो. फेरोथॉर्नच हवा असेल तर शोडाउनवर जुन्या पिढ्यांचे फॉरमॅट उघडे आहेत. पाचव्या पिढीपासून, म्हणजे 2010 च्या ब्लॅक-व्हाइटपासून, तो तिथं आहे. फक्त पाचवी खेळताना बॉडी प्रेस शोधू नकोस, ती आठव्यात आली.