होडी उलटली तर काय?

समुपदेशनासाठी आलेल्या एका जोडप्याचं भांडण सुट्टीवरून होतं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलगा ६ वर्षांचा, मुलगी ३ वर्षांची. वडिलांचा कॅनू (वल्ह्यांनी चालवायची अरुंद, निमुळती होडी) चालवण्यात चांगला हात बसलेला. मुलांना घेऊन कॅनूतून तलावाच्या दुसऱ्या काठाला जायचं आणि तिथे तंबूत दोन रात्री राहायचं, असा त्यांचा बेत. आईची मात्र झोप उडाली होती. डोळे मिटले की कलंडलेली होडी दिसायची. "मी उगाच घाबरतेय का?" हा त्यांचा प्रश्न, आणि लहान मुलांना पाण्यावर नेऊ पाहणाऱ्या अनेक घरांत तो असतो.

वडिलांचं उत्तर ठरलेलं: "काही होत नाही गं." या उत्तरानेच भीती वाढत होती. घाबरलेल्या माणसाला त्यातून एवढंच कळतं की समोरच्याने विचार केलेला नाही, म्हणजे सगळी काळजी आपल्यालाच करायची आहे.

म्हणून पहिल्या भेटीत भीतीचा नेमका प्रश्न करून कागदावर लिहायला सांगितलं. आईने लिहिलं: "होडी उलटली तर पहिल्या मिनिटात कोण काय करणार?" वडिलांना होडी सरळ कशी करायची ते नीट सांगता आलं. पण कुठलं मूल कोणी धरायचं, हे त्यांनी ठरवलंच नव्हतं. आईची भीती इथे अगदी रास्त होती. आईने सुचवलेला उपाय मात्र धोक्याचा होता: मुलीला दोरीने बाकाला बांधायचं. होडी उलटली की बांधलेलं मूल तिच्याखाली अडकतं. मुलाला होडीशी कधीही बांधू नये.

मग दोघांनी मिळून ठरवलं. मुलगी बाबांची, मुलगा आईचा. उलटल्यावर आधी आपापलं मूल धरायचं, मग होडी. पाणी भरलेली कॅनूही सहसा तरंगत राहते, त्यामुळे ती सोडून लांबच्या काठाकडे पोहत सुटायचं नाही. वल्ही, पिशव्या गेल्या तर जाऊ द्यायच्या.

लाइफ जॅकेटचा घोळ बहुतेक घरांत होतो, तसा इथेही होता. पुढच्या वर्षीही चालेल म्हणून मुलीसाठी मोठ्या मापाचं घेतलेलं. सैल जॅकेट पाण्यात वर सरकतं आणि तोंड पाण्याबाहेर राहत नाही. माप वयावरून नव्हे, जॅकेटवर लिहिलेल्या वजनावरून घ्यायचं. सगळे बंद आवळून खांद्यांपाशी धरून जॅकेट वर उचलून पाहावं. हनुवटी आणि कान आत जात असतील तर ते बदलावं. लहानग्यांना डोक्यामागे आधार देणारी कॉलर, उचलायला मूठ आणि दोन पायांमधून जाणारा पट्टा हवाच. मुलगी ते घालताच रडायची. म्हणून घरी खेळताना रोज काही मिनिटं, तेही आईबाबांनी आपली जॅकेटं घातल्यावर, असं सुरू केलं. मोठे घालत नसतील तर मुलांनी का घालावं?

पुढचा टप्पा कोमट, कमरेइतक्या पाण्यात. आधी बाबांनी मुद्दाम होडी उलटवून दाखवली, आई आणि मुलं काठावरून पाहत होती. मग आईने स्वतः तसं केलं. मुलं शेवटी, तीही जॅकेट घालून नुसती तरंगायला. भीती थोडी उतरली की पुढची पायरी, तोवर त्याच पायरीवर थांबायचं. एवढ्या वयाची मुलं पाण्याआधी आईबापांचा चेहरा वाचतात, त्यामुळे आईचा सराव मुलांइतकाच महत्त्वाचा.

बेतही बदलला. एकच रात्र. वल्हवणं सगळं मिळून तासभर, तेही सकाळी, कारण दुपारकडे बहुधा वारा चढतो. तलाव आडवा कापायचा नाही, काठाकाठाने जायचं. सामान तळाशी, मधोमध. मुलंही खालीच बसणार. प्रत्येक मुलाचे कोरडे कपडे पाणी न शिरणाऱ्या वेगळ्या पिशवीत. कपडे हवेपेक्षा पाण्याचा गारवा पाहून निवडायचे. पाणी १५ अंश सेल्सियसच्या खाली असेल तर अचानक पडल्यावर धाप लागून नाकातोंडात पाणी जाऊ शकतं. अशा पाण्यावर लहान मुलांची पहिली सहल नकोच.

सगळ्यात उपयोगी पडला तो एक नियम: दोघांपैकी कोणीही "परत" म्हटलं की वाद न घालता होडी वळवायची. थांबवण्याचा हक्क हातात आल्यावर आईला प्रत्येक लाटेवर नजर ठेवायची गरज उरली नाही.

काठावरचा धोका दोघांच्याही यादीत नव्हता. तंबू ठोकताना, स्वयंपाक करताना दोघांचे हात गुंतलेले असतात, आणि बुडणारं मूल बहुतेकदा ओरडत नाही. त्यामुळे पाण्याजवळ असेपर्यंत जॅकेट अंगावरच, आणि लक्ष ठेवणारा एकच माणूस. पाळी बदलताना "आता तू बघ" म्हणायचं, "हो, बघते" ऐकायचं, मगच नजर हलवायची.

एवढी तयारी होऊनही झोप लागत नसेल, आंघोळीच्या पाण्याचीही धास्ती वाटत असेल किंवा पूर्वी कोणाला बुडताना पाहिलेलं असेल, तर त्या भीतीवर मानसोपचारतज्ज्ञांकडे स्वतंत्र उपचार घ्यावेत आणि तोवर सहल पुढे ढकलावी.